‘लागू नाही’चा रकाना

साकीनाक्याजवळच्या एका काचेच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. खिडकीतून खाली पत्र्याचे गाळे दिसतात. गिरणी बंद पडल्यावर माझे वडील त्यातल्याच एका गाळ्यात लेथवर उभे राहिले, ते हात थरथरायला लागेपर्यंत. मी वर एसीत बसते. ह्याचं त्यांना कौतुक होतं, पण मी नेमकं काय करते ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ‘सेक्रेटरियल डिपार्टमेंट’ म्हटलं की त्यांना वाटायचं, मी कुणा साहेबाची सेक्रेटरी आहे. मी दोनदा समजावलं, मग सोडून दिलं.

कंपनीला कायद्याने जे कागद ठेवावे लागतात ते ठेवणं, एवढंच आमचं काम. संचालकांच्या बैठकीचं इतिवृत्त, भागधारकांच्या पत्रांना उत्तरं, वर्षातून एकदा होणारी सर्वसाधारण सभा आणि तिच्याआधी निघणारा वार्षिक अहवाल. आमचा समूह वीज तयार करतो. बरीचशी कोळशावर, थोडी सूर्यावर. अहवालाच्या मुखपृष्ठावर मात्र दरवर्षी सौरपट्ट्या असतात. एका वर्षी त्यांच्याशेजारी सूर्यफूलही होतं.

ह्या अहवालात अलीकडे जबाबदारी आणि पर्यावरण असा एक मोठा भाग आला. त्यात प्रश्न ठरलेले असतात, आपण उत्तरं भरायची. पाणी किती वापरलं, बायका किती कामाला आहेत, कचऱ्याचं काय केलं. शेवटाकडे एक प्रश्न असा आहे, की सरकारच्या धोरणांबाबत कंपनीने कुठे काही भूमिका मांडली का, मांडली असेल तर कोणती, आणि ती लोकांना बघायला मिळते का. पहिल्या वर्षी तो रकाना बघून मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, इथे काय लिहू?”

“आपण कुठे भूमिका मांडतो? आपली उद्योग संघटना मांडते,” ते म्हणाले. “लागू नाही लिही.”

मी लिहिलं. दुसऱ्या वर्षी विचारायला गेलेच नाही. मागच्या वर्षीची फाइल उघडायची आणि आकडे बदलायचे, अशी पद्धत असते. ह्या रकान्यात तर बदलायला आकडाही नव्हता.

सभा आता ऑनलाइन होते. पूर्वी हॉल घ्यायचो, दारात वेफर्स आणि सामोशांची पाकिटं वाटायचो, आणि ती कमी पडली की शिव्या खायचो. आता मी स्क्रीनसमोर बसून एकेका बोलणाऱ्याला पुकारते आणि “सर, तुमचा माइक बंद आहे” असं वीस वेळा म्हणते. एका वर्षीच्या सभेत पहिल्या भागधारकाने अहवालाच्या छपाईची स्तुती केली. दुसऱ्याला कारखाना बघायला यायचं होतं, जेवणासकट. तिसऱ्या नंबरला एक म्हाताऱ्या बाई आल्या. मागे भिंतीवर कालनिर्णय आणि कपाटावर रचलेल्या वह्या.

“नमस्कार. मी बोरिवलीहून बोलतेय. मी म्युनिसिपल शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. मराठीत बोलले तर चालेल ना?”

आमच्या अध्यक्षांना मराठी येत नाही. पण एवढं त्यांना कळलं. ते हसून हो म्हणाले, आणि साहेबांनी मला खूण केली, तू भाषांतर कर.

बाईंनी कागद समोर धरला. “तुमच्या अहवालात जिथे बघावं तिथे स्वच्छ ऊर्जा आहे. छान आहे. पण तुम्ही ज्या उद्योग संघटनेचे सभासद आहात, तिने सरकारदरबारी पत्र दिलंय, की छतावरच्या सौरविजेचा नवा नियम पुढे ढकला. ते पत्र मी वाचलंय. माझा प्रश्न असा, की ते लिहिताना तुमच्या कंपनीने काही सांगितलं होतं का? आणि सांगितलं असेल, तर अहवालात त्या जागी ‘लागू नाही’ कसं काय छापलंय?”

मला तो रकाना डोळ्यांसमोर दिसला. आणि मी इंग्रजीत म्हणाले, की छतावरच्या सौरऊर्जेविषयी कंपनीचं धोरण काय आहे, असं बाई विचारतायत.

मी हे ठरवून केलं नव्हतं. एवढ्या वर्षांत जीभच तशी वळलेली होती. टोकदार काही आलं की ते गोल करून वर पाठवायचं.

“नाही हो,” स्क्रीनवरून आवाज आला. “असं नाही विचारलं मी. मला इंग्रजी समजतं, बोलायची सवय नाही एवढंच. तुम्ही नीट सांगा त्यांना.”

सभेत दोनशे-अडीचशे लोक जोडलेले होते. मी दुसऱ्यांदा सांगितलं ते शब्दाला शब्द. अध्यक्षांनी पाणी प्यायलं आणि म्हणाले, चांगला प्रश्न आहे, आम्ही लेखी उत्तर पाठवू.

सभा संपल्यावर साहेब माझ्या टेबलाशी आले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, कधी आवाज न चढवणारा माणूस. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

“पहिल्यांदा केलंस ते मी समजू शकतो,” ते म्हणाले. “दुसऱ्यांदा केलंस तेही. आता उत्तराचा मसुदा तूच कर.”

उत्तर द्यायचं तर आधी ते पत्र बघायला हवं होतं. मी ते कधी वाचलेलंच नव्हतं. नियमाच्या मसुद्यावर ज्यांनी ज्यांनी हरकती घेतल्या, त्या सगळ्या सरकारी वेबसाइटवर टाकलेल्या होत्या. वाकडीतिकडी स्कॅन केलेली पानं, एकाखाली एक. संघटनेचं पत्र सापडायला अर्धी दुपार गेली. आणि बाईंनी ते सगळं घरी बसून चाळलं होतं.

तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं: आधी रस्ता रुंद करावा, मग गाड्या वाढवाव्यात, आधी गाड्या सोडल्या आणि मग वाहतूक कोंडली असं विजेच्या तारांचं होऊ नये. इंग्रजीत होतं, पण हाच अर्थ.

मी खुर्चीत मागे टेकले. ते वाक्य माझं होतं.

दीड-दोन वर्षांपूर्वी साहेबांनी मला नियमाचा मसुदा आणि एक टिपण दिलं होतं. म्हणाले, “संघटनेला इनपुट द्यायचंय. तुझं इंग्रजी चांगलं आहे, पान-दीड पान लिहून दे. परिणाम काय होतील आणि वेळ का हवा.” मी मन लावून लिहिलं. रस्त्याची उपमा मला आमच्या मुलुंडवरून सुचली होती. आमच्या गल्लीत टॉवरवर टॉवर उठले आणि गल्ली तेवढीच राहिली, संध्याकाळी रिक्षासुद्धा आत यायला तयार नसते. साहेबांनी वाचलं आणि “झकास” म्हणाले. ते झकास म्हणतात असं क्वचितच होतं. घरी जाताना मी त्या आनंदात मिठाई घेतली होती. ते इनपुट पुढे कुठे गेलं, त्याचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या डोक्यात ते काम संपलं होतं.

वाक्य खोटं नव्हतं. तारांची, रोहित्रांची तयारी नसेल तर अडचण येते, हे कुणीही इंजिनियर सांगेल. पण त्या टिपणातली पहिली ओळ मला आठवत होती. लोक दिवसा छतावर वीज करायला लागले तर आपली दिवसाची विक्री घटेल, अशी ती ओळ होती. खरं कारण ते. बरं दिसणार नाही म्हणून ती मी वगळली. मला कुणी वगळ म्हटलं नव्हतं.

हे सगळं मी घरी रविवारी सकाळी नवऱ्याला सांगितलं. तो घावणे उलटत होता. त्याला सांगायला एक वेगळंही कारण होतं. तो आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे आणि छतावर सौरपट्ट्या बसवायच्या म्हणून वर्षभर त्याने जिवाचं रान केलं होतं. कंत्राटदार आणले, वरच्या मजल्याच्या लोकांना गळती होणार नाही म्हणून पटवलं, कपडे वाळत घालणाऱ्या बायकांशी दोऱ्यांच्या जागेची तडजोड केली. दिवसा जास्त झालेली वीज बाहेर द्यायची आणि रात्री तेवढी परत घ्यायची, हे नव्या नियमाने सोपं होणार होतं. नियम लांबला. कमिटी म्हणाली, थांबू या. ज्या सभेत हे ठरलं तिथे मी शेवटच्या रांगेत बसून मोबाइल बघत होते. माझ्या दीड पानाचा आणि ह्या छताचा काही संबंध असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

“म्हणजे तू लिहिलंस ते?” तो आधी हसला.

“एक तुकडा. बाकी कंपन्यांनीही दिलं असेल. नियम फक्त त्यामुळेच लांबला असंही नाही.”

“तुला माहीत होतं, ते कशासाठी आहे?”

“अर्धं.”

त्याने गॅस बंद केला. “अर्धं म्हणजे काय गं? माहीत होतं किंवा नव्हतं.”

मी म्हटलं, “माहीत होतं. विचार केला नाही.”

तो म्हणाला, “कमिटीत कळलं तर माझी वाट लागेल.” आणि घावण्यांचं ताट माझ्यासमोर सरकवलं. त्या दिवशी तो टीव्हीसमोर बसला नाही, गच्चीवर जाऊन आला. मी मागे गेले नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंचा ऑफिसला फोन आला. त्यांना जुन्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं बघायची होती. भागधारकाला तसा हक्क असतो, पण आमच्याकडे एवढ्या वर्षांत तो कुणी वापरल्याचं मला आठवत नव्हतं. त्या मेट्रोने आल्या. सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज, कापडी पिशवीत पाण्याची बाटली, भिंग आणि शंभर पानी वही. अशा वेळी कागद हलू नयेत म्हणून आमच्यापैकी कुणीतरी समोर बसावं लागतं. मी बसले.

दोन तास त्या पेन्सिलीने उतरवून घेत होत्या. मी चहा मागवला. चहा पिताना म्हणाल्या, “सभेत तुम्हीच होतात ना?”

“हो. बाई, त्या दिवशी पहिल्यांदा मी…”

“असू दे. वर्गात मीही करायचे. इन्स्पेक्टर आले की पोरांचे प्रश्न मीच सोपे करून सांगायचे.”

मी विचारलं, की त्यांनी हे सगळं का शोधलं. त्या म्हणाल्या, “मिस्टरांनी घेतलेले शेअर. ते गेले आणि माझ्या नावावर आले. मग तुमचं ते जाड पुस्तक यायला लागलं. आलंय तर वाचावं म्हटलं. सवय आहे तपासायची. एका पानावर लिहिलंय, आम्ही अमुक अमुक संघटनांचे सभासद. पुढच्या पानावर लिहिलंय, धोरणाबाबत काही नाही. मग ह्या संघटना काय भिशी चालवतात का?”

मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

“कोळसा जाळू नका असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे तरी त्यावाचून कुठली वीज येते? पण मागे जाऊन काय सांगता ते पुढे छापा. उत्तर चुकलेलं चालतं, कोरं सोडलेलं नाही चालत. उत्तर कधी येईल?”

“येईल, बाई. मी लिहितेय.”

“तुम्ही लिहिताय म्हणजे कोण लिहितंय? तुम्ही, की कंपनी?”

मी कप उचलून ठेवले.

वकिलांकडून एक मसुदा येऊन पडला होता. कंपनी अनेक संघटनांची सभासद आहे, संघटनांची मतं त्यांची स्वतःची असतात, कंपनी स्वच्छ ऊर्जेला बांधील आहे. तीन वाक्यं. मी तो घेऊन साहेबांकडे गेले.

“सर, ह्यात त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नाही.”

“उत्तर द्यायचं नसतं म्हणूनच वकील लागतात ना,” ते म्हणाले. विनोदाने म्हणाले, पण त्यांचा चेहरा हसत नव्हता.

“इनपुट मी लिहिलंय, संघटनेला मेल तुमच्या नावाने गेलाय. आणि अहवालात ‘लागू नाही’च्या खाली सहीसुद्धा तुमची आहे.”

त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. “धमकी देतेस?”

“नाही, सर. पण मला ते दोन शब्द परत टाइप करायचे नाहीत. तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगा, मी भांडणार नाही.”

घरी मुलीची फी होती, फ्लॅटचे हप्ते होते, आणि ह्या वयात दुसरी नोकरी कोण देतो. हे सगळं डोक्यात एकदम चालू होतं. साहेब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, “तुझा मसुदा ठेव इथे.”

माझा मसुदा छोटा होता. होय, कंपनीने संघटनेला लेखी सूचना दिल्या होत्या. त्यात नियमासाठी जास्त मुदत मागितली होती. तारांची तयारी नाही हे एक कारण, आणि कंपनीच्या दिवसाच्या वीजविक्रीवर परिणाम होईल हे दुसरं. अहवालातली नोंद चुकीची होती, पुढच्या वेळी दुरुस्त करू.

त्यानंतर महिनाभर मला काही कळलं नाही. कागद वर गेला, कायदा विभागाकडे गेला, संचालकांच्या एका समितीपुढे गेला. मध्येच एकदा संघटनेच्या कुणाचा तरी फोन आला आणि साहेब केबिनमध्ये बराच वेळ फक्त “हं, हं” करत राहिले. बाहेर आले तेव्हा मला म्हणाले, “तू आज लवकर जा घरी.” मला वाटलं, संपलं. घरी जाऊन मी उगाच पोहे केले आणि कुणी खाल्ले नाहीत.

कागद परत आला तेव्हा त्याच्यावर लाल रेघा होत्या. दुसरं कारण उडवलेलं होतं. ‘चुकीची’च्या जागी ‘अपूर्ण’ झालं होतं. बाकी राहिलं होतं. सूचना दिल्या होत्या, मुदत मागितली होती, पुढच्या अहवालात नोंद करू. खाली साहेबांची सही.

“समितीत मी भरपूर बोललो,” ते म्हणाले. “एवढंच झालं.” आणि पहिल्यांदाच मला बसायला सांगून स्वतःच्या बॉटलमधलं पाणी दिलं.

पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं. चार दिवसांनी बाईंचा फोन.

“मिळालं. अर्धं आहे, पण आहे ते खरं आहे. कारण एकच दिलंय. दुसरं असणार.”

मी समोरची लाल रेघांची प्रत उलटी करून ठेवली.

“तुमच्या मसुद्यात ते लिहिलं होतं ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला.

पुढच्या अहवालात त्या रकान्यात चार ओळी आल्या. मीच टाइप केल्या. कोणत्या संघटना, कोणत्या मसुद्यावर, काय मागितलं, आणि लोकांना बघता येतं का: होय. कंपनीची भूमिका बदलली असं मात्र काही झालं नाही. दुसऱ्या एका कंपनीच्या सेक्रेटरियलमधल्या बाईने फोन करून आमची वाक्यरचना मागून घेतली, तेवढं झालं. साहेब ठरल्या वेळी निवृत्त झाले आणि कणकवलीजवळ गावी राहायला गेले.

सोसायटीत मी स्वतःच सांगितलं. नवरा म्हणत होता नको, पण वार्षिक सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ आले तेव्हा मी उभी राहिले आणि होतं ते बोलले. माझी कंपनी, माझं दीड पान, आपलं छत. एक बाई म्हणाल्या, “कमाल आहे तुमची.” मागून कुणीतरी मोठ्याने चक् केलं. नवरा इतिवृत्ताच्या वहीत खाली बघून लिहीत होता. चौथ्या मजल्यावरचे काका, जे प्रत्येक गोष्टीला विरोध करतात, ते म्हणाले, “त्यांच्यासाठी एवढं चांगलं लिहिलंत, तर आता आमच्यासाठी लिहा. परत मसुदा आलाय ना?”

आला होता. मी सोसायटीतर्फे मराठीत पत्र लिहिलं. दुपारच्या उन्हात गच्चीवर उभं राहून पट्ट्यांची जागा मोजली, कंत्राटदाराचा कागद जोडला. पहिल्याच परिच्छेदात मी कुठे नोकरी करते, ती कंपनी ह्या विषयावर उलट बाजूला आहे आणि मागच्या वेळी त्या बाजूचा मजकूर मी लिहिला होता, हे लिहिलं. पाठवण्याआधी ऑफिसला लेखी कळवलं. एचआरने बोलावलं. एक तरुण मुलगी होती, तिने पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, “मॅम, ह्याच्यात आमचं गुपित काही नाहीये ना?”

“नाही. कंपनीबद्दलचं आहे ते सगळं अहवालात छापलेलं आहे.”

तिने माझ्या फाइलमध्ये एक नोंद केली आणि मला जायला सांगितलं.

मसुद्यावरच्या सरकारी सुनावणीला मला तीन मिनिटं मिळाली. उद्योग संघटनेचे वकील पुढच्या रांगेत होते, त्यांनी वळून एकदा बघितलं. नियम आला तो पुन्हा मधलाच आला, थोडी सूट आणि थोडी अट. कमिटीने ठरवलं, अर्ध्या छतावर बसवू. आता पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालतात. लिफ्टचं अजून ठरतंय.